पाच पॉइंट एकचा फ्लेक्स

घनश्यामराव गुल्हान्यांनी फक्त एवढंच ठरवलं होतं, की ही गोष्ट भगवानरावाला सांगायची. बस्स. एकट्या भगवानरावाला, तेही चहा पिता पिता, सहज विषय निघाल्यासारखी. पुढं घाटंजीच्या चौकात जे झालं ते काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. (त्यांनी ठरवलेलं आजवर काहीच झालेलं नाही, आणि जे काही झालं ते त्यांनी कधीच ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या संसाराचा हा कायदाच होता म्हणा ना.)

गोष्ट अशी, की विजयमालाबाईंचा बी.ए.चा निकाल लागला होता.

विजयमालाबाई म्हणजे घनश्यामरावांची बायको. बारावी पास झाल्या झाल्या लग्न झालं, आणि पुस्तकं माहेरच्या माळ्यावर राहिली ती राहिलीच. मग लेक झाली, खुशी. ती मोठी होऊन नागपूरला नर्सिंग शिकायला गेली आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा बाईंनी कोणाला न विचारता मुक्त विद्यापीठात नाव घातलं. इतिहासाचं पुस्तक डाळीच्या डब्याला टेकवून त्यांनी पोळ्या लाटल्या. पेपर नेमके पेरणीच्या तोंडावर यायचे. त्यात अर्थशास्त्राच्या पेपरला घनश्यामरावांनी त्यांना स्वतः मोटारसायकलवरून नेलं, मोठ्या ऐटीत, आणि चुकीच्या कॉलेजच्या दारात उतरवून दिलं. वर "बेस्ट ऑफ लक" म्हणून चहा प्यायला निघून गेले. बाई भर उन्हात गावाच्या दुसऱ्या टोकाला धावत गेल्या आणि उरलेल्या वेळात जेवढं लिहिता आलं तेवढं लिहिलं.

आणि हे सगळं कशासाठी? तर वकील व्हायचं होतं त्यांना. हो, वकील. हे वेड त्यांच्या डोक्यात फरीदाच्या शिलाई मशीनपायी शिरलं. फरीदा म्हणजे शेजारीण. तिची मशीन एका दुकानदारानं दाबून ठेवली होती, भाड्याचं काही खुसपट काढून. बाई तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेल्या आणि इतकं मुद्देसूद बोलल्या, इतकं बोलल्या, की साहेबांनी हवालदाराला मशीन आणायला पाठवलं. मग साहेब म्हणाले, "मॅडम, वकील आहात का?" बाई म्हणाल्या, "नाही." तो "नाही" त्यांना घरी आल्यावरही सलत राहिला. डिग्री घ्यायची, मग लॉची सीईटी द्यायची, मग यवतमाळचं लॉ कॉलेज. हे त्यांनी फक्त दोघांना सांगितलं होतं, फरीदाला आणि नवऱ्याला. (यातली एक निवड चुकली, हे पुढं कळेलच.)

तर निकालाच्या दिवशी घनश्यामराव जेवायला बसले होते. बाईंनी मोबाईल बाजूला ठेवला, ताटात भाजी वाढली आणि खाली मान घालून म्हणाल्या, "निकाल लागला."

"मंग? काय आलं?"

"सीजीपीए पाच पॉइंट एक."

घनश्यामरावांचा घास हातातच राहिला.

आता इथं जरा थांबावं लागेल, कारण घनश्यामरावांच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते समजल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. हा माणूस कापसाचा. त्याच्या आधीच्याच हंगामात त्यांची गाडी खरेदी केंद्रावरून परत आली होती. तिथल्या ग्रेडरनं कापसात ओल मोजायच्या मशीनची सुई खुपसली, आकडा पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मॉइश्चर तेरा. घेऊन जा." मॉइश्चर आठच्या आत असलं की कापूस एक नंबर. आठच्या वर भाव कापतात. बाराच्या वर गाडी वापस. तेव्हापासून त्या घरात "पॉइंट" म्हणजे मॉइश्चरचे पॉइंट, आणि आकडा जितका खाली तितकी इज्जत वर. सीजीपीए हा शब्द घनश्यामरावांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. "पॉइंट" मात्र ओळखीचा होता.

"पाच?" ते म्हणाले. "पाच पॉइंट एक?"

"हो."

"बाप्पा बाप्पा! आठच्या आत!"

बाईंनी मान वर केली. नवरा ओरडेल, हसेल, नाहीतर "मी म्हतलं होतं" म्हणेल, अशी सगळी तयारी त्यांनी केली होती. हा तर डोळे मोठे करून बघत होता.

"तुम्हाले कमी नाही वाटत?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"कमी हाये म्हणूनच तर! अवं, एवढ्या घरच्या धबडग्यात पाच पॉइंट एक आणणं सोपी गोष्ट हाये का? शाबास! मले लय अभिमान वाटून राह्यला तुहा."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या माणसाला समजलं, त्यांना वाटलं. हे पाच कशातून आलेत ते या माणसाला समजलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या ताटात न मागता तुपाची धार धरली. घनश्यामरावांनी ती आनंदानं खाल्ली. दोघंही खूश होते, फक्त वेगवेगळ्या कारणांनी.

संध्याकाळी ते भगवानरावाकडे गेले. भगवानराव म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेतकरी, आणि त्याचा मुलगा पिंटू इंजिनिअरिंगला. चहा आला. घनश्यामरावांनी सहज विषय काढला.

"पिंटूचं काय आलं या वर्षी?"

"आठ पॉइंट नऊ," भगवानराव छाती पुढं काढून म्हणाला.

घनश्यामरावांनी हळहळून मान हलवली. "असू दे. मनाले लावून घेऊ नको."

"काय म्हतलं?"

"आठ पॉइंट नऊ म्हणजे काही वापस नाही पाठवत. थोडं कापतात, पण घेतात. पोट्टं मेहनती हाये, पुढच्या खेपेले येईल खाली."

"खाली? कायले खाली?"

"तेच म्हणतो, चिंता करू नको." घनश्यामरावांनी बशी खाली ठेवली. "आमच्या घरी पाच पॉइंट एक आलं."

भगवानरावानं आपला कप खाली ठेवला. धक्क्यानं माणूस असं बोलतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मित्राच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं बरं. वहिनी पास झाल्या ना, बस झालं."

पास झाल्या ना, बस झालं! घनश्यामरावांना ते इतकं लागलं की ते उरलेला चहा न पिताच उठले. जळून राह्यला, ते रस्ताभर पुटपुटत होते, पोट्ट्याचं जास्त आलं म्हणून जळून राह्यला. आणि बसस्टँडजवळ येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. एकट्या भगवानरावाला सांगून भागणार नव्हतं, आता साऱ्या घाटंजीला सांगायचं.

बसस्टँडजवळ सैफचं फ्लेक्सचं दुकान. सैफ म्हणजे मोहिउद्दीन मेकॅनिकचा मुलगा, फरीदाचा भाचा. वाढदिवस, पुण्यतिथी, भावी सरपंच, भावी सभापती, सगळ्या गावाचे चेहरे त्याच्या कॉम्प्युटरात होते.

"काका, मजकूर सांगा."

"लिही. अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. घाटंजीची शान, भावी वकील, सौ. विजयमालाताई घनश्यामराव गुल्हाने यांनी बी.ए. परीक्षेत फक्त पाच पॉइंट एक सीजीपीए मिळवल्याबद्दल..."

सैफचा हात थांबला. "काका, 'फक्त' लिहू?"

"मंग! लोकांच्या ध्यानात आलं पायजे ना किती कमी हाये ते."

"नंबर कोपऱ्यात टाकू का? लहान?"

"अबे नंबरच तर मेन हाये! लाल टाक. पिवळ्यावर लाल. बसमधून दिसला पायजे."

"काकूले इचारलं का तुम्ही?"

"सरप्राइज हाये."

सैफनं तोंड उघडलं आणि मिटलं. मागं एकदा एका भावी सभापतीच्या फ्लेक्सवरचं शुद्धलेखन त्यानं सुधारलं होतं, तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं. तेव्हापासून मजकुरात पडायचं नाही असा त्याचा नियम होता. त्यानं छापलं. फोटो पुतण्याच्या लग्नातला होता. त्यात बाईंच्या हातात बुंदीचं ताट होतं. सैफनं ते खोडून तिथं जाडजूड कायद्याचं पुस्तक दिलं, अंगावर काळा कोट चढवला आणि मागं तराजू टांगला. कामात तो चोख होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. विजयमालाबाई आणि फरीदा भाजी घ्यायला निघाल्या. चौकाच्या अलीकडे फरीदा एकदम थबकली आणि बाईंचा दंड धरून म्हणाली, "भाभी, इकडून चलो ना. इकडे सांबार ताजा मिळते."

"सांबार घेतला ना आत्ता." बाईंनी पिशवीतली कोथिंबीर दाखवली.

"तो सडेला है. चलो ना."

पण बसस्टँडवरून निघालेली एसटी बाजूला झाली आणि समोर विजयमालाबाई उभ्या होत्या, बैलबंडीएवढ्या. काळा कोट, हातात पुस्तक, कपाळाच्या वर "भावी वकील" आणि पोटाशी लाल अक्षरात "फक्त ५.१". खाली दोन पोट्टे उभे होते. एक वाचत होता आणि दुसरा पोट धरून हसत होता.

बाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. पिशवी फरीदाच्या हातात दिली आणि तडक घरी आल्या.

घनश्यामराव ओट्यावर बसून वाटच बघत होते. हार घालायचा का आधी पेढा द्यायचा, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढं होता.

"पाह्यला?" ते उठून उभे राहिले. "कसा वाटला?"

"खुशीचे बाबा, 'फक्त' काहून लिहिलं?"

"मंग! आठच्या आत कोणाचं येते वं? त्या पिंट्याचं आठ पॉइंट नऊ. मी भगवानरावाले म्हतलं, पुढच्या खेपेले नीट वाळवा म्हणा."

"वाळवा?"

"म्हणजे... ते मॉइश्चर..." घनश्यामराव अडखळले. बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, जे पेढ्याशी जुळत नव्हतं.

"खुशीचे बाबा," बाई फार हळू म्हणाल्या, "ते दहापैकी असते."

"काय दहापैकी?"

"सीजीपीए. दहापैकी पाच."

"म्हणजे जास्त आलं की..."

"जास्त आलं की चांगलं."

"मंग पिंट्या..."

"पिंट्या हुशार हाये."

घनश्यामराव मटकन खाली बसले. हातातला पेढ्याचा डबा कलंडला, पण तो उचलायचं भान कोणाला?

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. "त्या दिवशी तुम्ही शाबास म्हतलं ना," त्या म्हणाल्या, "मले वाटलं, साऱ्या जगाले नाही समजलं तरी ह्या माणसाले समजलं. मी रडली. अन् तुम्ही मले कापूस समजून राह्यलते." त्या दाराकडे वळल्या. "मी नाही देत आता ते सीईटी. भावी वकील अन् फक्त पाच. बाजार हसून राह्यला पूर्ण. कोणत्या तोंडानं जाऊ?"

आणि त्या आत गेल्या. दार लावलं नाही, पण लावल्यासारखंच झालं.

घनश्यामरावांनी शिडी उचलली. भर बाजारातून ती खांद्यावर घेऊन ते चौकात आले. लोकांनी वाट दिली. (शिडी घेऊन येणाऱ्या माणसाला सगळेच वाट देतात, मान म्हणून नाही.) त्यांनी शिडी खांबाला लावली, वर चढले आणि एका बाजूची दोरी सोडली. फ्लेक्स अर्धा लोंबला. विजयमालाबाईंचं अर्धं तोंड वाऱ्यावर डुलायला लागलं.

"काका," खालून कोणीतरी हाक मारली.

खाली एक तरुण बाई उभी होती. सोबत तिची सासू, मोतीबाई. मोतीबाई बाजारात तुरीची डाळ विकायची, तिला सगळे ओळखत. सून अर्पिता गावात नवीनच होती.

"आता नाही," घनश्यामराव वरून म्हणाले. "हसायचं असन तर नंतर हसा."

"हसत नाही काका. इचारायचं होतं. पाच पॉइंट एकवर वकील होता येते?"

घनश्यामरावांनी दुसरी दोरी सोडता सोडता खाली पाहिलं, आणि तिथंच घात झाला. दोरी सुटली, फ्लेक्स सुटला, शिडी सरकली, आणि घनश्यामराव आपल्या भावी वकिलात गुंडाळले जाऊन खांबाला मिठी मारत खाली घसरले. लागलं फारसं नाही. पण चारही बाजूंनी फ्लेक्स. बाहेर पडायचा रस्ता सापडेना.

"काका?" अर्पितानं बाहेरून विचारलं. "सांगा ना. मले पाच पॉइंट शून्य हाये. घरचे म्हणतात, एवढ्यात लॉ होत नाही."

फ्लेक्सच्या आत अंधार होता, आणि नाकाशी शाईचा वास. घनश्यामरावांना काही दिसत नव्हतं. फक्त कानात बायकोचं ते वाक्य होतं, ह्या माणसाले समजलं.

"होते!" ते आतून ओरडले. "काहून नाही होत? माह्या घरची होऊन राह्यली! चूल सांभाळून, वावर सांभाळून, चुकीच्या कॉलेजातून धावत जाऊन पाच पॉइंट एक आणले तिनं! दहापैकी! पिंट्याले म्हणा, आण बरं असे आठ!"

मोतीबाईनं पुढं होऊन फ्लेक्सचं टोक शोधलं आणि घनश्यामरावांना आतून सोडवून बाहेर काढलं.

"चाल," ते अर्पिताला म्हणाले. "तिलेच इचारू."

घरी विजयमालाबाई तूर निवडत बसल्या होत्या. आपला नवरा, शिडी, घडी केलेल्या आपण स्वतः, आणि मागं दोन बायका, अशी वरात अंगणात आलेली पाहून त्या सुपासकट उठल्या. अर्पितानं सगळं सांगितलं. कॉलेज, पाच पॉइंट शून्य, घरचे.

"ताई, तुम्ही देणार हाये ना सीईटी?" ती शेवटी म्हणाली. "तुम्ही दिली तर मीबी देईन. एकटीची हिंमत नाही होत."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. घनश्यामराव जमिनीकडे पाहत होते. मोतीबाईनं पायरीवर बैठक मारली, म्हणजे उत्तर घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"बस," विजयमालाबाई अर्पिताला म्हणाल्या. "डिग्रीचे टक्के फक्त पात्रतेच्या रेघेच्या वर असा लागतात. आपण दोघी रेघेच्या वर हाओ, काठावर का होईना. नंबर लागते तो सीईटीच्या मार्कांवर. तिथी पाच नाही इचारत कोणी. तिथी सारे शून्यातून सुरू होतात."

घनश्यामराव हळूच चहा ठेवायला आत गेले. साखर समजून त्यांनी मीठ टाकलं, पण त्या दिवशी सगळ्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

मग सुरू झाला अभ्यास. दुपारी कामं आटोपली की अर्पिता यायची, फरीदा शिवण घेऊन यायची (परीक्षा तिला द्यायची नव्हती, पण भांडणं ऐकायला तिला आवडायचं), आणि ओट्यावर कोर्ट भरायचं. सामान्य ज्ञान, इंग्रजी, तर्क, आणि त्या कायद्याच्या प्रश्नांचा एक खास प्रकार: आधी नियम द्यायचा, मग एक प्रसंग द्यायचा आणि दोषी कोण ते ठरवायचं. प्रसंग पुस्तकातले संपले तसे त्या घरातले घ्यायला लागल्या.

"नियम," अर्पिता वाचायची. "दुसऱ्याची इज्जत जाईल असं काही चारचौघांत लावणं म्हणजे बदनामी. प्रसंग. एका इसमानं आपल्या बायकोचा फोटो तिले न इचारता चौकात लावला. सांगा, इसम दोषी हाये का?"

"पण इसमाचा हेतू चांगला होता," घनश्यामराव चुलीपाशी पोळी लाटता लाटता म्हणायचे. (आता पोळ्या ते लाटत. नकाशे व्हायचे, पण खायला कोणाची ना नव्हती.)

"आरोपीनं मधात बोलू नये," फरीदा सुई दातात धरून बजावायची.

"हेतू चांगला, अक्कल कमी," विजयमालाबाई निकाल द्यायच्या. "दोषी. शिक्षा, भांडी."

बाईंचं मात्र काहीतरी बदलत चाललं होतं, आणि घनश्यामरावांना ते दिसत होतं. त्या इंग्रजी वाचताना आधी पुटपुटायच्या, आता मोठ्यानं वाचायच्या. चुकलं तरी मोठ्यानं. एकदा शेतात निंदण चालू असताना त्यांनी धुऱ्याच्या बांधावरून हाक मारून अर्पिताला राज्यघटनेचा कुठलासा प्रश्न विचारला, आणि अर्पितानं पलीकडच्या ओळीतून उत्तर दिलं. निंदणाऱ्या बायांनी हात थांबवून ऐकलं. घनश्यामराव तिथं उगाचच पाण्याची कळशी घेऊन उभे राहिले. त्यांना कळलं काहीच नाही, पण कळशी खाली ठेवायची राहून गेली.

परीक्षेला घनश्यामरावांनी सोडायला नेलं. या खेपेला ते आदल्या दिवशीच जाऊन केंद्र पाहून आले, वॉचमनला नाव विचारलं, आणि परत दुसऱ्या दिवशी दोघींना दारात उतरवल्यावरही पाटी दोनदा वाचली. मग सबंध पेपरभर ते दाराबाहेर उभे राहिले. चहासुद्धा प्यायले नाहीत.

निकाल आला त्या दिवशी बाई मोबाईल घेऊन बाहेर आल्या.

"अठ्ठ्याऐंशी," बाई म्हणाल्या.

घनश्यामरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. "अभिनंदन करू का नाही ते आधी सांग. हे वरतून मोजा लागते का खालतून?"

"पर्सेंटाइल हाये. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांच्या पुढं हाये मी."

घनश्यामरावांनी डोळे मिटले आणि मनात हिशेब मांडला. "म्हणजे खरेदी केंद्रावर शंभर गाड्या उभ्या असल्या, तर तुही गाडी बाराव्या नंबरावर?"

बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. "हो. जवळपास तसंच."

"बाराव्या नंबरावर! अवं, बाराव्या नंबरावर तर त्याच दिवशी काट्यावर वजन होते!" आणि तो माणूस अंगणात अक्षरशः नाचला. भगवानराव रस्त्यावरून ओरडून विचारत होता काय झालं म्हणून. या खेपेला घनश्यामरावांनी त्याला सांगितलं ते बरोबर सांगितलं.

अर्पिताचाही नंबर लागला. कागदपत्रं तपासून घ्यायला घनश्यामराव दोघींना यवतमाळला घेऊन गेले, तेव्हा खिडकीतल्या माणसानं विजयमालाबाईंची मार्कशीट पाहिली, मग चेहरा पाहिला, परत मार्कशीट पाहिली.

"ताई, राग नका मानू. तुमचा फोटो मी मोबाईलवर पाहिला. तुम्ही त्या 'फक्त पाच पॉइंट एक'वाल्या ना?"

मागच्या रांगेनं कान टवकारले. अर्पितानं बाईंचा हात घट्ट धरला. पण बाईंनी पदर डोक्यावरून मागं सारला.

"हो," त्या म्हणाल्या, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. "मीच. शिक्का मारा."

शिक्का मारला त्यानं. घनश्यामराव बाजूला उभे होते. तिथल्या तिथं एक फ्लेक्स लावायला हातात शिडी असावी असं त्यांना फार वाटलं.

इथं गोष्ट संपवता आली असती. पण तो फ्लेक्स उरला होता ना.

तो फेकायला घनश्यामरावांचं मन होईना. बायकोचं तोंड होतं त्यावर. घडी करून त्यांनी तो कापसाच्या खोलीत ठेवला होता. पुढं वेचणी झाली, खोलीत कापसाचा ढीग लागला, आणि एक दिवस आभाळ भरून आलं. कौलं जुनी. घनश्यामरावांनी फ्लेक्स काढला आणि सगळ्या ढिगावर नीट अंथरला, चहूकडून दाबून. विजयमालाबाई काळा कोट घालून कापसावर पसरल्या. पाऊस काही आला नाही. पण घनश्यामरावांना ते दृश्य इतकं आवडलं, की त्यांनी फ्लेक्स तसाच राहू दिला. बाई रोज एसटीनं कॉलेजला जात, त्यांना खोलीत डोकवायला फुरसत कुठं?

आता कापसाला वारा लागतो, हे घाटंजीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. प्लॅस्टिकखाली कापूस घामेजतो. घनश्यामरावांनाही ते माहीत होतं. त्या दिवसांत ते फक्त अभिमानात होते.

केंद्रावर ग्रेडरनं सुई खुपसली आणि आकडा मोठ्यानं वाचला. "चौदा पॉइंट दोन. घेऊन जा."

त्या संध्याकाळी बाईंनी न मागता ताटात तूप वाढलं आणि फक्त एवढंच विचारलं, "किती आलं म्हतलं?"

"चौदा पॉइंट दोन."

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुस्तकात डोकं घातलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी घनश्यामराव चौकात आले, तर लोक त्यांच्याकडे पाहून बाजूला होत होते, आणि हातात तर शिडीही नव्हती. त्यांनी वर पाहिलं. वर घनश्यामराव होते, बैलबंडीएवढे, फेटा बांधलेले. पिवळ्यावर लाल:

"अभिनंदन! अभिनंदन! अभिनंदन! घाटंजीची शान, प्रगतशील शेतकरी श्री. घनश्यामराव गुल्हाने यांच्या कापसाला तब्बल १४.२ मॉइश्चर मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: सौ. विजयमाला गुल्हाने, एलएल.बी. प्रथम वर्ष, व समस्त पाच पॉइंट परिवार."

सैफ दुकानाच्या दारात उभा होता. "काका, मी पडत नाही मजकुरात," तो लांबूनच म्हणाला. "काकू म्हणल्या, हेतू चांगला हाये."

घनश्यामरावांनी तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. मग खालची ओळ परत वाचली. एलएल.बी. प्रथम वर्ष. त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती ओळ बोटानं दाखवायला सुरुवात केली. "पाह्यलं का? आमच्या घरची हाये! एलएल.बी.!" ते खालची ओळ दाखवत होते आणि बाजार वरचीच वाचत होता.

गर्दीतून भगवानराव पुढं आला. त्यानं फ्लेक्स पाहिला, मित्राकडे पाहिलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे घनश्याम," तो हळहळून म्हणाला. "मनाले लावून घेऊ नको. पुढच्या खेपेले येईल खाली."